नवी दिल्ली १९६१ : सोव्हिएत राजवटीतील ऑर्थोडॉक्स धर्मगुरू आणि सार्वचर्चीय संबंध

प्रस्तावना

धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांच्या विसाव्या शतकातील संबंधांचा विचार करू लागले की महाड परिसरातील अभ्यासकाला १९२७ हे वर्ष आठवल्यावाचून राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला याच गावी मनुस्मृतीचे दहन झाले. या दोन घटनांच्या मध्ये, २९ जुलै १९२७ रोजी, मॉस्को येथे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रभारी प्रमुख मेट्रोपॉलिटन सेर्गियस यांनी एक निवेदन प्रसृत केले. सोव्हिएत संघ ही आपली ऐहिक मातृभूमी असून तिचे सुखदुःख तेच चर्चचे सुखदुःख होय, अशा आशयाची निष्ठा त्यात व्यक्त झाली होती. या घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही, हे उघड आहे. तथापि एकीकडे धर्मग्रंथाच्या नावाने चालणाऱ्या सत्तेला जाहीर आव्हान दिले जात असताना दुसरीकडे एक पुरातन धर्मसंस्था केवळ तग धरण्यासाठी राज्यसत्तेपुढे नमत होती, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

साम्यवाद आणि धर्म हा प्रश्न या तालुक्याला परका नाही. महाड सत्याग्रहाच्या संघटनेत पुढाकार घेणारे, दासगाव परिसरातील कार्यकर्ते आर. बी. मोरे हे १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले. आंबेडकर बौद्ध धम्माकडे वळले. २० नोव्हेंबर १९५६ रोजी, निधनापूर्वी अवघे सोळा दिवस आधी, काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. सक्तीच्या आधारावर उभी केलेली व्यवस्था, ती सक्ती काढून घेतल्यावर टिकेल काय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. त्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, नवी दिल्लीच्या विज्ञान भवनात सोव्हिएत संघातून आलेले ऑर्थोडॉक्स धर्मगुरू जागतिक चर्च परिषदेचे सदस्य म्हणून स्वीकारले गेले. या प्रवेशाचे वर्णन आजवर दोन टोकांच्या भाषेत झाले आहे. काहींनी तो मॉस्कोच्या प्रचारयंत्रणेचा विजय मानला, तर काहींनी पोलादी पडद्याआडच्या ख्रिस्ती बांधवांशी झालेले पुनर्मीलन. या दोन्ही वर्णनांत ज्याची किंमत मोजली गेली तो गावोगावचा साधा धर्मगुरू दिसत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दिल्लीतील प्रवेश आणि रशियातील धर्मग्रामांचे खच्चीकरण हे दोन स्वतंत्र विषय नसून एकाच दिवशी, एकाच सभेत झालेले दोन निर्णय आहेत. ते एकत्र वाचले तरच या इतिहासाचा अर्थ लागतो.

निष्ठेच्या निवेदनापासून क्रेमलिनच्या भेटीपर्यंत

रशियन चर्च राज्यसत्तेच्या अधीन असणे ही बोल्शेविकांची निर्मिती नव्हे. पीटर द ग्रेटने पॅट्रिआर्क हे सर्वोच्च धर्मपद रिक्त ठेवून १७२१ मध्ये त्या जागी सिनॉड नावाचे मंडळ नेमले आणि त्यावर झारच्या अधिकाऱ्याची देखरेख ठेवली. पॅट्रिआर्कचे पद पुन्हा निर्माण झाले ते १९१७ मध्ये, म्हणजे क्रांतीच्या धामधुमीतच. नवे पॅट्रिआर्क तिखोन यांना स्वातंत्र्य उपभोगण्यास अवधीच मिळाला नाही. १९१८ च्या आज्ञेने चर्च राज्यापासून आणि शाळा चर्चपासून विभक्त झाल्या. त्याचबरोबर धर्मसंस्थांची मालमत्ता धारण करण्याची कायदेशीर क्षमताही गेली. तिखोन १९२५ मध्ये वारले. सेर्गियस यांच्या १९२७ च्या निवेदनानेही चर्च वाचले नाही. १९३७-३८ च्या अटकसत्रानंतर, दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा, त्या विशाल देशात आपल्या पदावर काम करीत असलेले मोकळे बिशप केवळ चार उरले होते.

हे चित्र पालटले ते युद्धामुळे. ४ सप्टेंबर १९४३ च्या रात्री स्टालिनने सेर्गियस, अलेक्सी आणि निकोलाय या तीन मेट्रोपॉलिटनांना क्रेमलिनमध्ये बोलावले. चारच दिवसांनी १९ बिशपांच्या सभेने सेर्गियस यांची पॅट्रिआर्कपदी निवड केली. चर्चच्या कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी एक सरकारी मंडळ स्थापन झाले व त्याचे प्रमुखपद राज्यसुरक्षा खात्यातील कर्नल गेओर्गी कार्पोव्ह यांच्याकडे देण्यात आले. त्याच महिन्यात इंग्लंडमधील यॉर्कचे आर्चबिशप सिरिल गार्बेट मॉस्कोत दाखल झाले. चर्चला मिळालेली ही मोकळीक आणि परदेशी पाहुण्याचे आगमन यांतील निकटता बोलकी आहे. दोस्त राष्ट्रांच्या जनमतासमोर दाखवण्यासाठी राज्याला चर्च हवे होते.

या पहिल्या पर्वातील आंतरराष्ट्रीय भूमिकेचे प्रतिनिधी म्हणजे मेट्रोपॉलिटन निकोलाय. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या बाह्य संबंध विभागाचे ते प्रमुख होते. उत्तम वक्ते आणि जागतिक शांतता चळवळीतील परिचित चेहरा अशी त्यांची ख्याती होती. कातिन येथील पोलिश अधिकाऱ्यांच्या हत्याकांडाची जबाबदारी जर्मनांवर टाकणाऱ्या १९४४ च्या सोव्हिएत आयोगाचेही ते सदस्य होते. हे हत्याकांड सोव्हिएत गुप्त पोलिसांनीच केले होते, ही गोष्ट मॉस्कोने १९९० मध्ये मान्य केली. धर्मवस्त्रांच्या प्रतिष्ठेचा राज्याने कसा उपयोग करून घेतला याचे याहून विदारक उदाहरण शोधावे लागू नये.

जागतिक चर्च परिषदेची स्थापना ऑगस्ट १९४८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे झाली. ही परिषद म्हणजे एखादे चर्च नव्हे. प्रॉटेस्टंट, अँग्लिकन आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसचे ते एक सहकार्यमंडळ आहे. रोमन कॅथलिक चर्च तिचे सदस्य नाही. ॲमस्टरडॅमच्या आधी महिनाभर, जुलै १९४८ मध्ये, मॉस्को येथे भरलेल्या ऑर्थोडॉक्स चर्चप्रमुखांच्या बैठकीने या नव्या परिषदेत सहभागी होण्यास नकार दिला. ती पाश्चात्त्य राजकारणाचे साधन आहे, असा आक्षेप होता. शीतयुद्धाच्या त्या पहिल्या वर्षांत हा नकार राज्याच्या धोरणाशी तंतोतंत जुळणारा होता. तेरा वर्षांनंतरचा होकारही तसाच होता काय, हा पुढील प्रश्न.

१८ जुलै १९६१

स्टालिनच्या मृत्यूनंतर सोव्हिएत राजवट सौम्य झाली, असे आपण सर्वसाधारणपणे शिकवतो. तुरुंग-छावण्यांच्या बाबतीत ते खरे आहे, चर्चच्या बाबतीत नाही. १९५८ नंतर ख्रुश्चेव्हने धर्माविरुद्ध नवी मोहीम उघडली. १९५८ मध्ये सुमारे १३,४०० असलेली नोंदणीकृत ऑर्थोडॉक्स चर्चेस १९६६ पर्यंत सुमारे ७,५०० वर आली. धर्मशिक्षणाच्या आठ सेमिनरींपैकी तीन उरल्या. कीव्हचा प्राचीन गुहा-मठ १९६१ मध्ये बंद झाला. या मोहिमेत सामूहिक गोळीबार नव्हता. कर, नोंदणी रद्द करणे, लहान मुलांना प्रार्थनेस येण्यापासून रोखणे, शाळेत आणि कारखान्यात होणारी नाचक्की अशी कागदोपत्री हत्यारे होती. म्हणूनच ती बाहेरच्या जगाला फारशी दिसली नाही.

पॅट्रिआर्क अलेक्सी यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये क्रेमलिनमधील निःशस्त्रीकरण परिषदेत रशियाच्या इतिहासातील चर्चच्या कार्याचे जाहीर समर्थन केले. हे भाषण निकोलाय यांनी लिहिल्याचे मानले जाते. त्याच सुमारास कार्पोव्ह यांना दूर करून व्लादिमीर कुरोयेदोव्ह यांची नेमणूक झाली. जूनमध्ये निकोलाय यांच्याकडून विभाग काढून घेण्यात आला व सप्टेंबरमध्ये त्यांचे धर्मपदही गेले. राज्याची एवढी सेवा करणाऱ्या माणसालाही प्रतिकाराचा एक शब्द महागात पडला. त्यांच्या जागी आले निकोदिम. जन्म १९२९ चा, म्हणजे क्रांतीनंतर बारा वर्षांनी जन्मलेले. सोव्हिएत शाळेत शिकलेल्या पिढीतील हा तरुण जुलै १९६० मध्ये बिशप झाला आणि पुढची अठरा वर्षे रशियन चर्चच्या परराष्ट्र संबंधांवर त्याची छाप राहिली.

जागतिक चर्च परिषदेशी बोलणी त्यापूर्वीच सुरू झाली होती. ऑगस्ट १९५८ मध्ये नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी भेटले होते. परिषदेचे सरचिटणीस व्हिसर्ट हूफ्ट हे १९५९ च्या अखेरीस मॉस्कोला जाऊन आले. एप्रिल १९६१ मध्ये पॅट्रिआर्कनी सदस्यत्वासाठी रीतसर अर्ज पाठवला. त्या अर्जावर रशियन बिशपांची संमती घेण्याची औपचारिकता राहिली होती.

ती १८ जुलै १९६१ रोजी मॉस्कोजवळील झागोर्स्क येथील त्रैक्य-सेर्गियस मठात पार पडली. त्या दिवशी संत सेर्गियस यांचा उत्सव असतो. बिशपांना निमंत्रण उत्सवाचे होते. आपण धोरणात्मक निर्णय घेणाऱ्या सभेस आलो आहोत, हे त्यांना आयत्या वेळी कळले. एका दिवसात उरकलेल्या या सभेने जागतिक चर्च परिषदेतील प्रवेशास मान्यता दिली, आणि त्याच बैठकीत धर्मग्रामांच्या व्यवस्थेत मूलगामी बदल स्वीकारला.

हा बदल तपशिलात पाहणे आवश्यक आहे. सोव्हिएत कायद्यानुसार एखाद्या ठिकाणी चर्च चालवायचे तर किमान वीस श्रद्धावंतांनी आपली नोंदणी करावी लागे. जुलै १९६१ पूर्वी स्थानिक धर्मगुरू या मंडळाच्या कारभारात प्रमुख असे. नव्या नियमाने तिघांच्या कार्यकारी समितीकडे पैसा, इमारत, नेमणुका असे सारे व्यवहार गेले. धर्मगुरू या समितीशी करार करून उपासनेपुरता नेमलेला सेवक ठरला. समितीत कोण असावे यावर स्थानिक सोव्हिएत अधिकाऱ्यांचा दाब असे. कित्येक ठिकाणी श्रद्धेशी काही देणेघेणे नसलेली माणसे तेथे बसवली गेली, आणि काही वेळा चर्च बंद करण्याची मागणी या समितीकडूनच ‘लोकेच्छा’ म्हणून वदवून घेतली गेली. आपल्याकडील देवस्थानाच्या विश्वस्त मंडळावर देवस्थान बंद करू इच्छिणाऱ्यांचीच बहुसंख्या झाली तर काय होईल, याची कल्पना केली म्हणजे या व्यवस्थेचे मर्म ध्यानात येते.

या दोन ठरावांत सौदा झाला, असे सांगणारा कोणताही करारनामा नाही. तशी अपेक्षाही करू नये. परंतु एकाच सभेपुढे एकाच वेळी ते ठेवले गेले, यातून राज्याची दृष्टी स्पष्ट होते. परदेशात चर्चचे अस्तित्व दिसावे आणि देशात ते क्षीण व्हावे, या दोन्ही गोष्टी राज्याला एकाच वेळी हव्या होत्या. पहिलीमुळे दुसरीवर पांघरूण पडत होते.

विज्ञान भवनातील मतदान

जागतिक चर्च परिषदेचे तिसरे अधिवेशन १९ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर १९६१ या काळात नवी दिल्लीत भरले. आशियात भरलेले ते परिषदेचे पहिलेच अधिवेशन. बेलग्रेड येथील अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेला अडीच महिनेच झाले होते. पूर्व आणि पश्चिम या दोन्ही गटांतील धर्मगुरूंना सारख्याच मोकळेपणाने वावरता येईल असे जे मोजके देश त्या वेळी होते त्यांत भारत होता. अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी, २० नोव्हेंबरला, रशियन चर्चच्या प्रवेशावर मतदान झाले. बाजूने १४२, विरुद्ध ३ आणि तटस्थ ४. बल्गेरिया, रुमानिया व पोलंड येथील ऑर्थोडॉक्स चर्चेसही याच अधिवेशनात सामील झाली. एकंदर २३ चर्चेसना सदस्यत्व मिळाले, त्यांत आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांमधील चर्चेस होती. रोमन कॅथलिक चर्चचे अधिकृत निरीक्षक परिषदेच्या अधिवेशनास प्रथमच उपस्थित राहिले ते येथेच.

धर्मशास्त्रीय दृष्ट्या ऑर्थोडॉक्सांच्या प्रवेशाचा परिणाम तत्काळ दिसला. परिषदेच्या मूलभूत सूत्रात पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याचा स्पष्ट उल्लेख दिल्लीतच समाविष्ट झाला. प्रॉटेस्टंट पश्चिमेचे वर्चस्व असलेली परिषद यापुढे तशी राहणार नव्हती. केवळ राजकीय चष्म्यातून पाहणाऱ्यांना ही बाजू दिसत नाही. रशियन प्रतिनिधी पढवलेले होते असे म्हणावे, तर त्यांनी आणलेली उपासनापरंपरा, चर्चपित्यांचे वाङ्मय आणि ऐक्याची पौर्वात्य संकल्पना पढवलेली नव्हती.

भारतीयांचाही यात वाटा होता. चर्चिलेल्या विषयांवर पी. डी. देवनंदन आणि एम. एम. थॉमस यांची ठसठशीत मांडणी झाली. मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चचे तरुण धर्मगुरू पॉल वर्गीस, म्हणजेच पुढे दिल्लीचे मेट्रोपॉलिटन झालेले पौलोस मार ग्रेगोरियस, यांनी बायबल अभ्यासवर्ग घेतले. इ.स. ४५१ च्या खाल्सेडन परिषदेपासून केरळचे हे ऑर्थोडॉक्स आणि रशियाचे ऑर्थोडॉक्स वेगळ्या वाटांनी गेलेले. नावात साम्य असूनही त्यांच्यात धर्मैक्य नव्हते. १९६१ नंतर त्यांच्यात संवाद वाढला व ऑगस्ट १९६४ मध्ये डेन्मार्कमधील आर्हूस येथे दोन्ही परंपरांतील धर्मशास्त्रज्ञांची पहिली अनौपचारिक बैठक झाली.

मेट्रोपॉलिटन निकोलाय मॉस्कोतील रुग्णालयात १३ डिसेंबर १९६१ रोजी वारले. दिल्लीचे अधिवेशन संपून आठ दिवस झाले होते.

ढाल आणि मुखवटा

निकोदिम आणि त्यांचे सहकारी परदेशात काय बोलत? आमच्या देशात धर्माचा छळ होत नाही, चर्चेस बंद होतात ती श्रद्धावंतांची संख्या घटल्यामुळे, असे ते सांगत. हे असत्य होते आणि ते सांगणाऱ्यांना ठाऊक होते. यावर बचाव असा केला जातो की आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा हीच चर्चची ढाल होती. या बचावात तथ्यांश आहे. लेनिनग्राडची धर्मशास्त्र अकादमी बंद होण्याच्या मार्गावर असताना निकोदिम यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास तेथे आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी शाखा उघडली. नवस्वतंत्र आफ्रिकेचे विद्यार्थी शिकत असलेली संस्था बंद करणे राज्याला अडचणीचे झाले, आणि अकादमी वाचली. मलंकर चर्चचे विद्यार्थीही तेथे जाऊ लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅथॉलिकोसपदी आलेले बसेलियोस मार्थोमा मॅथ्यूज तृतीय हे १९७० च्या दशकात तेथेच शिकले. निकोदिम यांनी तरुण, सुशिक्षित बिशपांची एक फळी उभी केली हेही खरे.

परंतु ढाल कोणाचे रक्षण करीत होती हे पाहिले पाहिजे. अकादमी वाचली, विभाग वाढला, बिशपांचे प्रवास वाढले. दिल्लीनंतरच्या तीन वर्षांत धर्मग्रामांवरील आघात मात्र थांबले नाहीत. ते मंदावले ते ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव्हची सत्ता गेल्यानंतर. याचा अर्थ, शिखर टिकले आणि पाया खचला. प्रस्तुत लेखकास निकोदिम हे लबाड वाटत नाहीत. ऐक्याविषयीची त्यांची तळमळ खरी होती. ५ सप्टेंबर १९७८ रोजी व्हॅटिकनमध्ये पोप जॉन पॉल पहिले यांच्याशी बोलत असतानाच, अवघ्या ४८ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. प्रश्न त्यांच्या प्रामाणिकपणाचा नाहीच. कोणाच्या वतीने आणि कोणाच्या जिवावर त्यांनी ही किंमत मान्य केली, हा प्रश्न आहे.

झागोर्स्कच्या ठरावाला आतून विरोध झाला. आर्चबिशप येर्मोगेन यांनी इतर काही बिशपांसह १९६५ मध्ये तो बदलण्याची मागणी केली. त्यांना सक्तीने निवृत्त करून एका मठात धाडण्यात आले. त्याच वर्षअखेर मॉस्कोतील दोन धर्मगुरू, निकोलाय एश्लिमान व ग्लेब याकुनिन, यांनी पॅट्रिआर्कना आणि सोव्हिएत राष्ट्रप्रमुखांना खुली पत्रे लिहून बेकायदा हस्तक्षेपाची जंत्री मांडली. मे १९६६ मध्ये त्यांच्यावर बंदी आली. ही बंदी राज्याने नव्हे, चर्चने घातली.

मुंबई १९६४ आणि पाद्रोआदोचे स्मरण

सार्वचर्चीय संबंधांचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रसंग डिसेंबर १९६४ मधला. मुंबईच्या ओव्हल मैदानावरील आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी पोप पॉल सहावे २ ते ५ डिसेंबर या काळात मुंबईत होते. त्याच वर्षी मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चचे कॅथॉलिकोस झालेले बसेलियोस औगेन पहिले यांनी तेथे त्यांची भेट घेतली. सोव्हिएत रशियातील घडामोडींशी हा प्रसंग एका धाग्याने जोडलेला आहे. ऑगस्ट १९६२ मध्ये फ्रान्समधील मेत्स येथे कार्डिनल तिसराँ आणि निकोदिम यांची भेट झाली. व्हॅटिकनच्या येऊ घातलेल्या महासभेत साम्यवादाची निर्भर्त्सना होऊ नये, या अपेक्षेवर मॉस्कोचे निरीक्षक रोमला येण्याचा मार्ग मोकळा झाला. ते ऑक्टोबर १९६२ मध्ये आले, आणि महासभेने साम्यवादाचा नाव घेऊन निषेध केला नाही. मौनाचा व्यवहार केवळ मॉस्कोच्याच बाजूने झाला नाही.

पोपच्या मुंबईभेटीला सर्वांत कडवा विरोध झाला तो पोर्तुगालच्या सालाझार सरकारकडून. कारण होते गोव्याचे. दिल्लीचे अधिवेशन संपल्यावर दोनच आठवड्यांत, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला होता. कॅथलिक राष्ट्र म्हणवणाऱ्या पोर्तुगालला पोपनी भारतात जाणे हा अपमान वाटला. कोकणातील वाचकाला यात नवल वाटू नये. पाद्रोआदो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेनुसार पोर्तुगीज राजाला पूर्वेकडील बिशपांच्या नेमणुकीत अधिकार होता. चौल, रेवदंडा, कोर्लई या आपल्या जिल्ह्यातील ठिकाणी राजसत्ता आणि धर्मसत्ता एकाच जहाजातून आल्या. मुंबईत तर पाद्रोआदो आणि रोमच्या थेट अखत्यारीतील धर्मगुरू यांच्यात शतकाहून अधिक काळ अधिकारक्षेत्राचा वाद धुमसत राहिला. १९२८ पासून मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावेत अशी तडजोड झाली. पोर्तुगालने हा हक्क सोडला १९५० मध्ये, आणि त्याच वर्षी वालेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. राज्याने धर्मगुरू निवडणे हे केवळ नास्तिक राजवटीचे लक्षण नव्हे, हे या उदाहरणावरून लक्षात येईल. फरक एवढाच की लिस्बनला चर्च वाढवायचे होते आणि मॉस्कोला ते संपवायचे होते.

नैरोबी १९७५

जागतिक चर्च परिषदेचे पाचवे अधिवेशन २३ नोव्हेंबर ते १० डिसेंबर १९७५ या काळात केनियातील नैरोबी येथे भरले. ऑगस्टमध्येच हेलसिंकी करारावर सोव्हिएत संघाने सही केली होती. ग्लेब याकुनिन आणि लेव्ह रेगेल्सन यांनी लिहिलेले खुले पत्र अधिवेशनाच्या वार्तापत्रात छापले गेले. परिषद दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध आवाज उठवते, मग सोव्हिएत संघातील श्रद्धावंतांच्या छळाबद्दल ती का बोलत नाही, असा त्याचा रोख होता. सभागृहात सोव्हिएत संघाचा नामोल्लेख करणारी दुरुस्ती सुचवली गेली. बराच खल होऊन अखेर सौम्य शब्दांतील मसुदा मंजूर झाला आणि सरचिटणिसांकडून अहवाल मागवण्यात आला. याच अधिवेशनात निकोदिम परिषदेच्या अध्यक्षमंडळावर निवडून आले. याकुनिन यांना नोव्हेंबर १९७९ मध्ये अटक झाली व पुढील वर्षी पाच वर्षांची श्रमछावणी आणि पाच वर्षांची हद्दपारी अशी शिक्षा झाली.

अधिवेशनाच्या वेळी परिषदेच्या मध्यवर्ती समितीचे प्रमुख होते भारताचे एम. एम. थॉमस. भारतात जूनपासून आणीबाणी होती. परदेशात व्यासपीठावर बसलेल्या भारतीयांना आपल्या देशाविषयी काय बोलावे, हा पेच त्या वेळी पुस्तकी नव्हता. थॉमस यांनी आणीबाणीला विरोध केला, मार्थोमा चर्चचे मेट्रोपॉलिटन युहानोन यांनी तर इंदिरा गांधींना पत्र लिहून ती उठवण्याची मागणी केली. त्याच डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न मांडला. पुढे त्यांना अटक झाली. सत्ता समोर बसलेली असताना बोलणे शक्य असते, हे कऱ्हाडने दाखवले. मात्र भारतातील त्या एकोणीस-एकवीस महिन्यांची तुलना रशियातील सत्तर वर्षांशी करून निकोदिम यांना भित्रे ठरवणे हा सोपा न्याय होईल. तेथे बोलण्याची किंमत बोलणाऱ्यापुरती मर्यादित राहत नसे.

दफ्तरे उघडल्यावर

१९७० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिमेत पोहोचलेल्या एका सरकारी अहवालाने या विषयाच्या अभ्यासाला कलाटणी मिळाली. धार्मिक बाबींच्या सोव्हिएत मंडळाचे उपप्रमुख फुरोव्ह यांनी बिशपांची तीन वर्गांत विभागणी केली होती. पहिल्या वर्गात चर्चचा विस्तार न करणारे व राज्याशी निष्ठावंत, दुसऱ्यात निष्ठा सांभाळूनही धर्मकार्य वाढवू पाहणारे, तिसऱ्यात कायदा चुकवून श्रद्धा बळकट करणारे. मॉस्को पॅट्रिआर्केटची नियतकालिके आणि सोव्हिएत प्रकाशनांची मराठी भाषांतरे वाचून मत बनवलेल्या आपल्याकडील एका पिढीला अशी कागदपत्रे उपलब्ध नव्हती. म्हणून अशा राजवटीतील छापील साधन हे जे सांगते त्याहून जे गाळते त्यासाठी वाचावे लागते. झागोर्स्कच्या दुसऱ्या ठरावाचा गाजावाजा परदेशी पाहुण्यांसमोर कधी झाला नाही, हा त्याचाच एक नमुना.

१९८८ मध्ये रशियाच्या ख्रिस्तीकरणाची सहस्राब्दी साजरी झाली. एप्रिलमध्ये गोर्बाचेव्ह यांनी पॅट्रिआर्क पिमेन यांची भेट घेतली आणि जूनच्या सभेने १९६१ चा धर्मग्रामविषयक नियम रद्द करून धर्मगुरूंना त्यांचे स्थान परत दिले. ऑक्टोबर १९९० मध्ये श्रद्धास्वातंत्र्याचा कायदा झाला. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर संसदीय आयोगाला के.जी.बी.ची काही दफ्तरे पाहता आली. त्या आयोगात आता खासदार झालेले ग्लेब याकुनिन होते. जागतिक चर्च परिषदेच्या बैठकांना जाणाऱ्या धर्मगुरूंचा टोपणनावांनी केलेला उल्लेख त्या कागदांत आढळला. व्हिल्नियसचे आर्चबिशप ख्रिझोस्तोम यांनी आपला संबंध १९९२ मध्ये उघडपणे कबूल केला. इतर बहुतेकांनी केला नाही, आणि दफ्तरे पुन्हा मिटली.

काठमांडूतील आंबेडकरांच्या प्रश्नाचे उत्तर १९९१ ने दिले, असे म्हणण्याचा मोह होतो. सक्ती गेली, व्यवस्था कोसळली. पण चर्चच्या बाजूने हे उत्तर अपुरे आहे. राज्याची सक्ती गेल्यावर चर्चेस हजारोंनी उघडली, तरी राज्याशी असलेली जवळीक गेली नाही. निकोदिम यांचे सचिव म्हणून उमेदवारी केलेले आणि १९७१ पासून जीनिव्हा येथे जागतिक चर्च परिषदेत मॉस्कोचे प्रतिनिधी राहिलेले किरिल २००९ मध्ये पॅट्रिआर्क झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले तेव्हा त्यांनी त्याचे समर्थन केले. या वेळी त्यांच्यावर छावणीचे सावट नव्हते. ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे परिषदेचे अकरावे अधिवेशन भरले. रशियन चर्चला बाहेर काढावे अशी मागणी होत होती. परिषदेने युद्धाचा निषेध केला, सदस्यत्व मात्र कायम ठेवले. संवादाचे दार बंद करू नये, हा १९६१ मध्ये दिल्लीत केला गेलेला युक्तिवादच तेथे पुन्हा ऐकू आला. त्याच वर्षी मार्चमध्ये कोस्त्रोमा प्रांतातील एका खेड्यातल्या धर्मगुरूने रविवारच्या प्रवचनात युद्धाविरुद्ध चार शब्द उच्चारले. सैन्याची बदनामी केल्याबद्दल न्यायालयाने त्याला ३५,००० रुबल दंड केला.